डबा कंपनीचा, काडतुसं कुणाची?

2021चा मार्च. ह्यूस्टनच्या आसपास ज्या दुकानात जावं तिथे नऊ मिलिमीटरच्या काडतुसांची फळी रिकामी. कोविड, निवडणूक, दंगलींची भीती, सगळ्यांनी एकदमच पिस्तुलं घेतली होती, त्यात मीही. माझं ग्रीन कार्ड आदल्या वर्षीच झालं होतं. (एच-वन-बीवर असताना शिकारीच्या परवान्यासारखे अपवाद सोडले तर नुसतं काडतूस बाळगणंही गुन्हा आहे. आपल्या बऱ्याच मंडळींना हे ठाऊक नसतं.) 2019 साली 20 सेंटच्या आसपास मिळणारी गोळी आता 70-80 सेंटला, तीही मिळाली तर.

अशात एका गन शोमध्ये (बंदुका-काडतुसांच्या प्रदर्शन-विक्रीत) कोपऱ्यातल्या टेबलावर नामांकित कंपनीचे डबे रचलेले दिसले. 50चा डबा 25 डॉलरला. विकणारा साठीचा, बोलायला गोड. सरावाला 115 ग्रेन वजनाची, तांब्यात पूर्ण मढवलेली गोळी घे, म्हणाला, स्वस्त पडते. घरात ठेवायला मात्र टोकाला खळगा असलेली हॉलो पॉइंट. ती अंगात शिरल्यावर फुलते आणि सहसा आरपार जात नाही. 1986च्या मायामीच्या चकमकीनंतर एफबीआयने गोळी जिलेटिनच्या ठोकळ्यात 12 ते 18 इंच शिरण्याची कसोटी ठरवली, तेही त्यानं सांगितलं. आमच्या बेडरूमच्या भिंतीपलीकडे मुलगी झोपते आणि इथल्या भिंती म्हणजे जिप्समचे पत्रे, त्यामुळे मी कान देऊन ऐकत होतो. तो बोलला ते सगळं खरं होतं, आणि तिथेच मी फसलो. ज्याला एवढं कळतं त्याचा माल काय तपासायचा? सरावाचे चार आणि हॉलो पॉइंटचे 20-20चे दोन डबे घेतले. दीडशे डॉलर रोख. पावती नाही.

नेमबाजीच्या रेंजवर पहिले तीसेक बार नीट गेले. मग एकदा नुसतं ‘फुस्स’. धक्का जवळजवळ नाहीच, पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, म्हणजे स्लाइड, तीही पुरती मागे आली नाही. काडतूस फुसकं निघालं असेल, असं समजून मी स्लाइड ओढली, नवी गोळी चढली आणि बोट चापाकडे गेलं. तेवढ्यात रेंज ऑफिसर मागून ओरडला, “थांब! खाली ठेव!”

त्या काडतुसात दारूच नव्हती. बुडातल्या ठिणगी पाडणाऱ्या कॅपच्या नुसत्या जोरावर गोळी नळीत अर्ध्यापर्यंत जाऊन अडकली होती. पाठोपाठ दुसरी झाडली असती तर नळी फुगली असती किंवा हातातच फुटली असती.

त्यानं माझा डबा टेबलावर ओतला आणि काडतुसं उलटी केली. बुडावर कंपनीचा शिक्का असतो. नव्या डब्यात तो सगळ्यांवर एकच हवा. इथे पाच-सहा तऱ्हेचे शिक्के होते, कॅप काही पिवळ्या तर काही चंदेरी, आणि पुंगळ्यांच्या कडांवर आधी एकदा पिस्तुलातून बाहेर फेकल्या गेल्याचे ओरखडे. रेंजवर वेचलेल्या रिकाम्या पुंगळ्या कुणीतरी घरी भरून कंपनीच्या जुन्या डब्यांत रचल्या होत्या. घरी भरणं हा इथे रीतसर छंद आहे, त्यात गैर काही नाही. पण धंदा म्हणून विकायला फेडरल परवाना लागतो, आणि हे तर नवीन म्हणून विकलेलं. हॉलो पॉइंटचं तर आणखी सोपं होतं. डब्यावरच्या चित्रात निकेल चढवलेली चंदेरी पुंगळी, आत साधी पितळी. ते दोन डबे मी आठवडाभर उशाशी ठेवले होते.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, “मेथीची जुडी घेताना उलटी-सुलटी करून बघतोस की रे.”

नळीतली गोळी गनस्मिथने पितळी दांड्याने ठोकून काढली. उरलेली काडतुसं मी रेंजवाल्यांकडे नष्ट करायला दिली. पुढच्या महिन्यात त्याच शोला गेलो, तर त्या कोपऱ्यात एक बाई सुकं मांस विकत होती. आधीच्या माणसाचं नाव आयोजकांच्या वहीत होतं, पण त्यापुढचा फोन नंबर लागत नव्हता.