चौथीच्या एका मुलासाठी ‘सिलेक्ट टू स्पीक’: दोन महिन्यांचा अनुभव

यावल तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत मी चौथीला शिकवते. वर्गात एक मुलगा आहे. केळीची मृगबाग कधी लावतात, कांदेबाग कधी (हे लागवडीचे दोन हंगाम), घड कधी कापायचा, तोंडी विचारा, सगळं सांगेल. पुस्तक उघडलं की पहिल्याच ओळीत अडतो. भ चा म होतो, घ आणि ध मिसळतात, वेलांटी पहिली की दुसरी हे दर वेळी नव्याने शोधावं लागतं. तपासणीत वाचनाची अध्ययन अक्षमता निघाली. २०१६च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत ती आहे, त्यामुळे सवलती हा त्याचा हक्कच. पण प्रमाणपत्र हातात आलं म्हणून उद्याचा धडा वाचता येत नाही.

‘सिलेक्ट टू स्पीक’ ही अँड्रॉइड फोनमधली सोय आहे, पैसे पडत नाहीत. सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीत जाऊन सुरू करायची, मराठी आवाज उतरवून घ्यायचा. मग पडद्यावरचा मजकूर निवडला की फोन तो वाचून दाखवतो, आणि जो शब्द चालू आहे तो रंगात उठून दिसतो. वेग कमी करता येतो. मी बराच कमी ठेवला आहे.

पहिल्या दिवशी त्याने हेडफोन लावला, बोट त्या रंगीत शब्दाच्या मागे मागे नेलं. अर्ध्यावर थांबून म्हणाला, “मॅडम, मले पुन्हा आयकू द्या.” तिसऱ्यांदा ऐकल्यावर धड्याखालच्या चार प्रश्नांची उत्तरं त्याने तोंडी दिली, चारही बरोबर. जूनपासून त्याने धड्यावरच्या प्रश्नाला हात वर केला नव्हता, तो त्या आठवड्यात केला.

त्याआधी मी दुसरं एक अ‍ॅप वापरून पाहिलं होतं, मूल वाचतं आणि अ‍ॅप ऐकून चूक-बरोबर सांगतं तसलं. ते आमच्याकडे चाललं नाही. आमच्या बोलीत ळ चा य होतो. ‘केळी’ हा शब्द त्याने ओळखला, अक्षर अक्षर जुळवून ओळखला, आणि घरी बोलतो तसा ‘केयी’ म्हणाला. अ‍ॅपने लाल केलं. ‘मळा’ही लाल. तिसऱ्या लाल शब्दाला त्याने फोन पालथा ठेवला. ज्या मुलाला प्रत्येक शब्द कमवावा लागतो, त्याच्या कमाईतून बोलीपायी शब्द कापणं मला अजून सलतं.

कटकट मजकुराची आहे. पुस्तकाच्या माझ्याकडच्या पीडीएफमधून मजकूर कॉपी केला तर निरर्थक चिन्हं उमटतात. म्हणून धडा मी बोलून टाइप करते, मग चुका सुधारते, अक्षर मोठं करते, ओळी सुट्या करते. एका धड्याला पाऊण तास जातो. हे काम शाळा-शाळांतल्या शिक्षकांनी वाटून घेतलं तर किती सोपं होईल!

हेडफोन वायरचाच घ्या, चार्जिंगची भानगड नको. आणि सुरुवातीला सगळ्या मुलांना पाळीपाळीने ऐकू द्या. एकट्यालाच दिला असता तर त्याने घातलाच नसता. मराठी आवाज घरूनच उतरवून आणा, शाळेत रेंजची वाट बघण्यात तास जातो.

यामुळे वाचन आपोआप येईल असं समजू नका. अक्षरं गिरवण्याचा, शब्द फोडून जोडण्याचा वीस मिनिटांचा सराव आम्ही रोज करतोच. त्याचा वेग अजून फारसा वाढलेला नाही. लिहिण्यात तर ही सोय काहीच मदत करत नाही. पण धड्यातला आशय कळण्यासाठी त्याला आता वाचन सुधारण्याची वाट पाहावी लागत नाही, आणि माझ्यासाठी तेवढं पुष्कळ आहे.

गेल्या आठवड्यापासून तो शेवटचा परिच्छेद आला की हेडफोन काढून ठेवतो आणि बोट ठेवून, ओठ हलवत स्वतः वाचतो. त्या परिच्छेदाच्या ओळी मी आता आणखी सुट्या टाइप करते.