गायरान एका गावाचं, फीडर सहा गावांचा: सौर वाहिनीची बोलणी कुठे करायची?

तुमच्या गावाच्या आसपास 33/11 केव्हीचं उपकेंद्र असेल, तर 'सौर वाहिनी'साठी जमीन बघायला कोणीतरी येऊन गेलं असेल, नाहीतर येईल. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2017 ची. 2023 मध्ये तिची 2.0 आवृत्ती आली आणि कामाने वेग घेतला. उपकेंद्रापासून 5 ते 10 किलोमीटरच्या आत सौर प्रकल्प उभारायचा, त्याची वीज शेतीच्या फीडरला, म्हणजे उपकेंद्रातून शेतीपंपांकडे जाणाऱ्या लाइनला, द्यायची आणि शेतकऱ्याची रात्रपाळी संपवायची, असा बेत. 2.0 मधला पहिला प्रकल्प छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या धोंदलगावचा, 3 मेगावॅटचा. तो सप्टेंबर 2024 मध्ये सुरू झाला.

या बेताला सहसा कोणी नाही म्हणत नाही. मध्यरात्री उसाला पाणी द्यायला जाताना बिबट्याच्या धास्तीने हातात काठी धरणाऱ्याला दिवसाच्या विजेचं महत्त्व पटवून द्यावं लागत नाही. गाडी अडते ती जमिनीवर, आणि त्याहून जास्त 'आम्हाला कोणी विचारलं?' या एका वाक्यावर. म्हणून सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी किंवा महावितरणच्या शाखा अभियंत्याने आधी ठरवायला हवं की ही बोलणी नेमकी कुठे करायची. ग्रामसभेत, डीपीवर (म्हणजे शेतातल्या ट्रान्सफॉर्मरपाशी), प्रकल्प उभारणाऱ्या ठेकेदाराच्या मेळाव्यात की तहसीलच्या बैठकीत?

चारही ठिकाणी तीच माणसं येतील असं वाटतं, पण तसं होत नाही. फीडर काही गावाची शीव बघून ओढलेला नसतो. एका फीडरवर चार-सहा गावांच्या विहिरी आणि बोअर असतात, प्रकल्पासाठी जमीन मात्र एकाच गावाची जाते. एका मेगावॅटला साधारण चार-पाच एकर, म्हणजे 5 मेगावॅटला वीस-पंचवीस एकर गायरान कुंपणात जाणार. त्या गायरानावर ज्याची शेळी चरते त्याच्याकडे बहुतेक वेळा विहीर नसते आणि शेतीपंपही नसतो. पाणी मिळणारा वेगळा, जमीन सोडणारा वेगळा. कुठल्या ठिकाणी या दोघांपैकी कोण हजर असतो, यावरच माझी निवड ठरते.

ग्रामसभा

गायरानाचा विषय असेल तर ग्रामसभेला बगल देऊ नका. जमीन देण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांचा आहे आणि सरकारी जमीन नाममात्र 1 रुपया वार्षिक भाड्याने 30 वर्षांसाठी दिली जाते, हे खरं. पण गावाला अंधारात ठेवून आलेलं मोजणीचं पथक बांधावरूनच परत फिरतं, आणि ते गावात सगळ्यांना माहीत असतं.

ग्रामसभेचं बळ ठरावात आहे. तिचं दुबळेपण गणपूर्तीत आहे. कायद्याने एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी कमी असेल तेवढी हजेरी लागते. तेवढी भरली नाही की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. म्हणजे चावडीवर बसलेल्या दहा-बारा जणांच्या सह्यांवरही पंचवीस एकरांचा ठराव कागदावर होऊ शकतो. असा ठराव फाईलमध्ये टिकतो, गावात टिकत नाही.

ठरावात काय लिहून घ्यायचं हे आधी ठरवा. गट नंबर आणि क्षेत्र हेक्टर-आरमध्ये. पाणंद रस्ता आणि गुरांची वाट कुंपणाबाहेर. पॅनल धुवायला पाणी कुठून घेणार, तेही. ग्रामपंचायतीला वर्षाला 5 लाख रुपये असे तीन वर्षं मिळायची योजनेत तरतूद आहे. ते पैसे कशावर खर्च करायचे हे त्याच सभेत ठरवा, नंतर ते कमानीत आणि पेव्हर ब्लॉकमध्ये जातात. गायरान गेलेल्यांच्या गुरांसाठी चाऱ्याची आणि पाण्याची सोय त्यातून झाली तर विरोध निम्मा ओसरेल, असं माझं मत आहे.

एक अवघड गोष्ट ग्रामसभेतच निघते आणि निघू द्यावी. गायरानावर कसणारी कुटुंबं असतात, बहुतेक दलित किंवा भटकी. 14 एप्रिल 1990 पर्यंतच्या अतिक्रमणांचा प्रश्न शासनाच्या दप्तरी जुना आहे. काहींची नावं सातबाऱ्यावर लागली, काहींची नाहीत. सातबाऱ्यावर जमीन मोकळी दिसते आणि प्रत्यक्षात तिथे तूर उभी असते. या कुटुंबांना सभेच्या दिवशी कळवून चालत नाही. आधी घरी जाऊन भेटावं लागतं.

महिला सभा ग्रामसभेच्या आधी घ्यायची असते. ती बहुतेक ठिकाणी रजिस्टरमध्येच होते. शेळ्या आणि सरपण हा बायकांचा विषय आहे, त्यामुळे या एका कामापुरती तरी ती खरोखर घ्या.

डीपीवरची बैठक

ही मला सगळ्यात उपयोगी वाटते आणि सगळ्यात कमी वापरली जाते. एका डीपीवर दहा-वीस पंप असतात. ही माणसं एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखतात, डीपी जळाली की वर्गणी काढून ट्रॅक्टरमध्ये घालून नेतात. फ्यूज कोण टाकतो, आकडा कोणाचा आहे, सगळं त्यांना ठाऊक असतं. लाइनमनला सोबत घेऊन बांधावर तासभर बसलं की खरे प्रश्न बाहेर येतात.

पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मोटर बदलावी लागंल का?" नाही. मोटर तीच, स्टार्टर तोच, वायरही तीच. बदलते ती वीज येण्याची वेळ. दुसरा प्रश्न बिलाचा. इथे गोड बोलू नका. साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना एप्रिल 2024 पासून वीज मोफतच आहे, त्यामुळे सौर वाहिनीने त्यांचं बिल कमी होणार नाही. मिळणार ते दिवसाचे तास. तिसरा प्रश्न येतो तो 'मागेल त्याला सौर कृषी पंप' घेतलेल्यांकडून किंवा त्याचा अर्ज भरून बसलेल्यांकडून: "मग आम्ही दहा टक्के भरून पंप कशाला घ्यायचा?" हे दोन वेगळे मार्ग आहेत. स्वतःचा सौर पंप लाइनवर अवलंबून नाही, पण ऊन असेल तोवरच चालतो. वाहिनीवरचा पंप लाइनवर अवलंबून आहे.

याच ठिकाणी एक गैरसमज मोडायला हवा, कारण मेळाव्यात तो कोणी मोडत नाही. 'गावात प्लांट आला की लाइट जाणार नाही', असं पसरतं. वादळात पोल पडले, तारा तुटल्या, वरची लाइन बंद झाली, तर हा प्लांटही बंद पडतो. ग्रिड मेलं की इन्व्हर्टर आपोआप थांबतो. तसं झालं नाही तर तारेवर काम करणाऱ्या लाइनमनचा जीव जाईल. हे भर उन्हात, डीपीखाली, लाइनमनच्याच तोंडून ऐकलेलं लोक मानतात. पहिल्याच पावसाळ्यात 'फसवलं' म्हणून ओरड होण्यापेक्षा हे आधी सांगितलेलं बरं.

डीपीच्या बैठकीची उणीव उघड आहे. ठराव नाही, इतिवृत्त नाही, कायदेशीर वजन शून्य. शिवाय इथे शेळीवाले नसतात, सगळे पंपवालेच असतात. एका फीडरवरच्या सगळ्या डीपी फिरायला आठ-पंधरा दिवस सहज जातात आणि शाखा अभियंत्याकडे तेवढा वेळ नसतो. मग मोठ्या डीपी निवडा आणि शेजारच्या गावांतल्या आधी घ्या. फायदा त्यांना आहे, जमीन त्यांची जात नाही. त्यांचा एखादा जाणता माणूस जमीन देणाऱ्या गावाच्या ग्रामसभेत पाहुणा म्हणून बसला, तर बोलण्याचा सूर बदलतो.

ठेकेदाराचा मेळावा

मंडप, चहा, बॅनरवर पुढाऱ्यांचे फोटो. हेटाळणी करण्याआधी मान्य करू की खाजगी जमीन भाड्याने द्यायची असेल तर हाच सोयीचा मार्ग आहे. सातबारा, आठ-अ, फेरफार एकाच टेबलावर तपासून होतात. भाडं हेक्टरी वर्षाला 1 लाख 25 हजार रुपये किंवा जमिनीच्या सरकारी मूल्याच्या 6 टक्के, यांतलं जे जास्त ते, वर दरवर्षी 3 टक्के वाढ. कोरडवाहू मुरमाड जमिनीला हा दर वाईट नाही. भावकीतल्या सगळ्या हिस्सेदारांची संमती असल्याशिवाय मात्र अर्ज भरू नका.

गायरानासाठी मेळावा कामाचा नाही. इथे माहिती फक्त स्टेजकडून खाली येते. प्रश्न विचारणाऱ्याच्या हातात माईक येईपर्यंत जेवणाची पंगत बसलेली असते.

तहसीलची बैठक

प्रांत किंवा तहसीलदारांसमोर महावितरण, गटविकास अधिकारी, भूमी अभिलेख, गरज असेल तर वनविभाग एकत्र येतात. फीडरवरच्या सगळ्या गावांच्या सरपंचांना एकत्र बोलावण्याची ताकद याच बैठकीत आहे, आणि नेमकं तेच सहसा केलं जात नाही. बोलावलं जातं फक्त जमीनवाल्या गावाला, तेही कुरबुर सुरू झाल्यावर. मोजणीची तारीख, रस्त्याचा वाद, हद्दीच्या खुणा हे प्रश्न इथेच सुटतात. सामान्य माणूस इथे बोलत नाही आणि त्याच्याकडून ती अपेक्षाही ठेवू नये.

वीज नियामक आयोगाची जनसुनावणी हा पाचवा पर्याय म्हणून कोणी सुचवेल. ती वीजदरासाठी आहे. गावच्या जमिनीचा प्रश्न तिथे नेऊन काही हाती लागत नाही.

मग निवड कशी करायची?

जमीन खाजगी असेल आणि प्रकल्प एक-दोन मेगावॅटचा असेल, तर दोन-तीन मोठ्या डीपींवर बसा आणि कागदांसाठी मेळावा घ्या. पुरेसं आहे. गायरान असेल तर क्रम असा ठेवा: शेजारच्या गावांतल्या डीपी, मग गायरान कसणाऱ्यांच्या घरी भेटी, महिला सभा, ग्रामसभा आणि शेवटी ठराव हातात घेऊन तहसील. उलट्या क्रमाने, म्हणजे आधी तहसील आणि नंतर गाव, असं गेलात तर वेळ वाचल्यासारखा वाटतो. पण तो कुंपण घालायच्या दिवशी पोलीस बंदोबस्तात खर्च होतो.

तारीखही बघा. बीड-धाराशिवकडच्या, किंवा जिथून टोळ्या जातात अशा कुठल्याही गावात, दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गेलेली कुटुंबं मार्च-एप्रिलमध्ये परततात. गायरानावर कसणारे आणि शेळ्या राखणारे बरेचसे त्यांच्यातलेच असतात. म्हणून 26 जानेवारीच्या ग्रामसभेत हा विषय घेऊ नका, कितीही घाई असली तरी. 1 मेची सभा धरा. टोळ्या परतलेल्या असतात, पेरणी लांब असते आणि उन्हाळ्यात लाइटचा विषय निघाला की कोणी उठून जात नाही.