किनारा की बाजार: कुत्र्याला चारचौघांत वागायला कुठे शिकवावं?

घरात एका शब्दावर बसणारा कुत्रा फाटकाबाहेर पडला की काही ऐकेनासा होतो, हे कुत्रा पाळणाऱ्या बहुतेकांनी पाहिलेलं असतं. पुढचं शिक्षण बाहेरच व्हायला हवं, यावरही कुणाचं दुमत नसतं. गोव्यात प्रश्न उरतो तो जागेचा. एकीकडे मिरामार, करंझाळेसारखा किनारा आणि दुसरीकडे पणजी, म्हापसा किंवा फोंड्याचा बाजार. दोन्हीकडे शिकवून झाल्यावर माझा कल बाजाराच्या कडेला झुकला आहे. पण किनाराही टाकाऊ नाही, काही कुत्र्यांसाठी तोच बरा.

किनाऱ्याची जमेची बाजू म्हणजे अंतर. अनोळखी माणूस पाच मीटरवर आला की भुंकणारा कुत्रा चाळीस मीटरवरून त्याच माणसाकडे निवांत बघतो, आणि शिकतो तो निवांत असतानाच. अंतर पुरेसं आहे का, हे खाऊवरून कळतं. कुत्रा खाऊ घेत नसेल किंवा बोटांना दात लागतील असा हिसकावत असेल, तर तुम्ही फार जवळ आहात. किनाऱ्यावर हवं तितकं मागे सरता येतं. समोरून येणारा माणूस दोन-तीन मिनिटं आधी दिसतो, त्यामुळे तयारीला वेळ मिळतो. 'ये' म्हटल्यावर परत येणं शिकवायला तर दहा मीटरच्या दोरीसाठी याहून चांगली जागा नाही. ही दोरी गळपट्ट्याला न लावता छातीच्या पट्ट्याला मागच्या कडीत लावावी. धावता धावता दोरी संपली की गळपट्ट्यावर मानेला जोरात हिसका बसतो.

माझा निर्णय झाला तो वाळूमुळे. चारचौघांतलं वागणं शिकवताना बक्षीस वेळेवर आणि ठरलेल्या जागी पोचायला हवं. कुत्र्याने येणाऱ्या माणसाकडे पाहिलं, तो गप्प राहिला, तुम्ही 'शाब्बास' म्हणालात, की दोन सेकंदांत उकडलेल्या चिकनचा वाटाण्याएवढा तुकडा तुमच्या गुडघ्याजवळ त्याच्या तोंडात जायला हवा. अधूनमधून एखादा तुकडा निसटतोच. डांबरावर किंवा फरशीवर तो दिसतो, कुत्रा उचलतो आणि मान वर करतो. कोरड्या वाळूत तो बुडतो. मग कुत्रा नाक खुपसतो, फुसकारतो, पुढच्या पायांनी उकरतो, तुकडा वाळूसकट गिळतो आणि तरीही तिथेच हुंगत राहतो. एवढ्यात तो माणूस निघून गेलेला असतो, आणि कुत्र्याच्या लक्षात राहतं ते इतकंच की जमिनीत नाक घातलं की खायला मिळतं. जे मोडायचं तेच आपण पैसे मोजून शिकवत असतो. किनाराही त्याला दुजोरा देतो: भरतीने आणून टाकलेले काटे, कुर्ल्यांची कवचं, शॅकपाशी (किनाऱ्यावरच्या खाण्यापिण्याच्या झोपडीपाशी) पडलेली कोंबडीची हाडं. 'सोड' हा शब्द तिथे फार लवकर झिजतो.

याला उपाय आहेत. लांब दांड्याच्या लाकडी चमच्यावर पीनट बटर लावून चाटवता येतं. त्यात झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) नाही ना, हे डब्यावर वाचावं, कारण ते कुत्र्यांना विषारी असतं. ओल्या, घट्ट वाळूवर उभं राहिलं तर तुकडे बुडत नाहीत, पण दर्या जे काही टाकतो ते नेमकं त्याच पट्ट्यात. शिवाय वाऱ्याने उडणारी वाळू चमच्यावरही बसते. जास्त वाळू पोटात गेली तर आतडं तुंबू शकतं. उलट्या, ताठरलेलं पोट, शी न होणं असं दिसलं तर घरी वाट न पाहता डॉक्टर गाठावा.

रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढली जाते तिथे सकाळी विशेष जपायला हवं. जाळ्यातले नको असलेले मासे वाळूवर पडून राहतात आणि त्यांत केंड, म्हणजे अंग फुगवणारा विषारी मासा, असू शकतो. त्याचं टेट्रोडोटॉक्सिन हे विष शिजवूनही जात नाही. कुत्र्याने तो खाल्ला तर लाळ गळणं, उलटी, मागच्या पायांतलं बळ जाणं आणि पुढे श्वास अडकणं इथवर पाळी येते. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत कासवं अंडी घालायला येतात. तिथे कुत्रा मोकळा सोडूच नये, उकरणाऱ्या कुत्र्याला घरटं सापडायला वेळ लागत नाही.

भटक्या कुत्र्यांचं म्हणाल तर दोन्हीकडचे वेगळे. किनाऱ्यावरचे कळपाने असतात, दुरून धावत येतात, आणि तुमच्या कुत्र्याला आड करायला तिथे काहीच नसतं. शॅक बंद होऊन त्यांचं खाणं तुटलं की ते अधिक अंगावर येतात, असं माझं निरीक्षण आहे. बाजारातला कुत्रा बहुधा एखाद्या दुकानाच्या पायरीशी झोपलेला असतो. त्याची हद्द ठरलेली असते आणि माणसांची त्याला सवय असते. सरळ त्याच्या दिशेने न जाता अर्धवर्तुळ घेऊन गेलं, तर बहुतेक वेळा तो मानही वर करत नाही. दुसऱ्या दिवशी तो तिथेच भेटतो, हा आणखी एक फायदा. कारण कुत्रा शिकतो तो रोज थोडंथोडं तेच ते पाहून.

बाजारात शिकवायचं म्हणजे बाजारात शिरायचं नाही. मासळीच्या बाजूला तर मुळीच नाही. आठवड्यातल्या साध्या दिवशी, ऊन तापायच्या आत, गाड्या लावायच्या जागेच्या टोकाला उभं राहावं. दोन उभ्या गाड्यांमधली फट फार कामाची. समोर काही जड झालं की एक पाऊल मागे घेतलं, कुत्र्याला दिसेनासं झालं. ही आडोशाची सोय किनारा देऊ शकत नाही. मागून स्कूटर येत नाही ना, एवढं आधी बघून घ्यावं.

पट्टा सहा फुटांचा, साधा. बटण दाबून लांबणारा नको, स्कूटरच्या चाकापर्यंत कुत्रा पोचला की तो थांबवता येत नाही. खिशात चाळीस-पन्नास तुकडे, आणि तेवढं रात्रीच्या जेवणातून कमी करायचं. शागुतीतलं (गोव्याच्या मसालेदार वाटणातलं) किंवा रश्श्यातलं चिकन धुऊनही देऊ नये, कांदा-लसूण कुत्र्याला बाधतो. सुक्या सुंगटांमागे (कोळंबीमागे) कुत्रे वेडे होतात, पण त्यांत मीठ फार असतं.

पहिले काही दिवस चालायचंच नाही. कुत्रा स्कूटरकडे, पिशवीवाल्या माणसाकडे, हातगाडीकडे बघेल. बघितलं आणि गप्प राहिला, की लगेच 'शाब्बास' आणि तुकडा गुडघ्याजवळ. थोड्याच वेळात तो स्कूटर पाहून आपणहून तुमच्याकडे वळू लागतो. तसं सलग पाच-सहा वेळा झालं, तरच दोन पावलं पुढे सरायचं. बहुतेकांचं इथे बिनसतं. जमतंय म्हणून एकाच फेरीत वीस पावलं पुढे जातात आणि मग कुत्रा भुंकल्यावर पट्टा खेचतात. खेचलेला पट्टा कुत्र्याला सांगतो की समोरची वस्तू खरंच धोक्याची आहे. भुंकलाच, तर काही न बोलता वळून अंतर दुप्पट करावं. एकूण वेळ दहा-बारा मिनिटं, त्याहून जास्त नाही.

दुसरं काम सतरंजीच्या तुकड्याचं. साधारण दोन फूट बाय तीन फुटांचा तुकडा आधी घरात, मग बाल्कनीत, मग फाटकाशी अंथरून त्यावर आडवं व्हायला शिकवावं. खाऊ तोंडापाशी धरला तर कुत्रा उठतो, म्हणून तो पुढच्या दोन पायांच्या मध्ये ठेवावा. आधी दर पाच सेकंदांनी, मग दहा, मग वीस. ओळखीच्या वासाची सतरंजी बाजाराच्या कडेला अंथरली की निम्मं काम झालेलं असतं. पुढे चहाच्या टेबलाखाली कुत्रा निवांत पडून राहतो, तो याच सवयीने.

आवाजांची तयारी घरीच होते, त्यासाठी पोदेर, म्हणजे भोंगा वाजवत पाव विकणारा, रोज दारात येतो. त्याचा भोंगा लांबून ऐकू आला की तुकडा, थांबला की खाऊ बंद. क्रम महत्त्वाचा: आधी भोंगा, मग खाऊ. खाऊ हातात दिसल्यावर भोंगा वाजला तर कुत्रा उलट खाऊलाच घाबरू लागतो.

बाजाराचा खरा त्रास माणसांचा आहे. लोक प्रेमाने येतात, वाकतात आणि वरून डोक्यावर हात ठेवतात. बुजऱ्या कुत्र्याला हे सोसत नाही. 'हात लावूं नाका, शिकता तो' असं हसून म्हणत स्वतः मध्ये उभं राहिलं की बहुतेक जण समजून घेतात. शिगमोच्या (गोव्यातल्या शिमग्याच्या) मिरवणुकीचे दिवस आणि चवथीचे (गणेशचतुर्थीचे) फटाके असताना बाजार सोडून द्यावा, एका दणक्याने महिन्याची मेहनत जाते.

ऊन दोन्हीकडे सारखंच. हाताची मागची बाजू सात सेकंद जमिनीवर टेकवता आली नाही, तर कुत्र्याचे पंजेही तिथे टेकू नयेत. पावसाळ्यात किनारा जवळजवळ बाद होतो. पणजीत १८ जून रस्त्यावर दुकानांच्या छपराखालून मात्र फेरी मारता येते, आणि रविवारी बरीच दुकानं बंद असल्याने नवख्या कुत्र्याला तिथे सोपं जातं.

लसीकरण पूर्ण न झालेल्या पिल्लाला दोन्हीकडे जमिनीवर ठेवू नये. पार्व्हो या जीवघेण्या संसर्गाचा धोका असतो. पण जग ओळखायचं वय साधारण तीन ते चौदा आठवड्यांचं, ते वायाही घालवू नये. कडेवर घेऊन बाजाराच्या टोकाला बसावं, नुसतं बघू द्यावं. याउलट मोठा, माणूस दिसताच बिथरणारा कुत्रा असेल, तर सुरुवात भल्या पहाटे रिकाम्या किनाऱ्यावर चमचा घेऊन करावी आणि वीस मीटरवरचा माणूस त्याला सोसू लागला की बाजाराकडे वळावं.

म्हापशाचा शुक्रवारचा आठवडी बाजार सगळ्यांत शेवटी. साध्या दिवशी त्याच जागी सतरंजीवर कुत्रा दहा मिनिटं पडून राहत असेल आणि पाठीमागून भोंगा वाजला तरी उठत नसेल, तर शुक्रवारी न्यायला हरकत नाही. मात्र त्या दिवशी पुन्हा पहिल्या दिवशीच्याच अंतरावरून, गाड्यांच्या फटीतून सुरुवात करावी.