स्किझोफ्रेनिया: डिस्चार्जनंतर घरी न्यायचं की निवासी केंद्रात ठेवायचं?

भास ओसरले, झोप लागायला लागली, की डॉक्टर म्हणतात, "आता घेऊन जा." मग दोन-चार दिवसांत ठरवायचं असतं की माणूस घरी येणार की एखाद्या पुनर्वसन केंद्रात जाणार.

मनोरुग्णालयात कायमचं ठेवणं हा पर्याय यादीतून आधीच काढून टाका. राज्यात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, पण 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार रुग्णाच्या इच्छेविना केलेली भरती सुरुवातीला जास्तीत जास्त 30 दिवसांची असते. त्यापुढे ठेवायचं तर याच कायद्याखालच्या मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाची मंजुरी लागते. घरचे न्यायला तयार नाहीत एवढ्या कारणावरून कुणाला आत ठेवता येत नाही. ते योग्यच आहे, फक्त बाहेर काय आहे याची सोय कायद्याइतक्या वेगाने झालेली नाही.

आता घर. घराच्या बाजूने बोलणारा एक अभ्यास आपल्याच भागातला आहे. सातारा, गोवा आणि तमिळनाडूतलं कांचीपुरम इथे 282 रुग्णांवर तो झाला आणि 2014 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. एका गटाला नेहमीची डॉक्टरी सेवा, दुसऱ्याला तीच सेवा आणि शिवाय प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्त्यांच्या घरभेटी. वर्षानंतर दुसरा गट थोडा सरस ठरला, पण तो फरक मुख्यतः कांचीपुरममध्ये दिसला. म्हणजे घरभेटींचा उपयोग आहे, पण त्या डॉक्टरांच्या जोडीला, त्यांच्या जागी नाही. आणि आपल्याकडची खरी अडचण अशी की घरी कुणी येतच नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची टीम जिल्हा रुग्णालयात बसते, तालुक्याला ठरल्या दिवशी येते. आशाताईंच्या डोक्यावर लसीकरणापासून बाळंतपणापर्यंत सगळं आहे. सरकारी खिडकीवर गोळ्या मोफत मिळतात, पण "स्टॉक संपलाय, पुढच्या बुधवारी या" हेही ऐकावं लागतं. म्हणून पंधरा दिवसांच्या गोळ्या हाताशी जास्तीच्या ठेवा.

घरातली सगळ्यात मोठी लढाई गोळीची असते. जिभेखाली दडवलेली, नंतर बेसिनमध्ये थुंकलेली. मग आई ती आमटीत कालवते. हे बऱ्याच घरांत चालतं आणि मी त्याला नावं ठेवणार नाही, पण ज्याला आधीच वाटतंय की आपल्यावर विषप्रयोग होतोय, त्याला ताटात चूर्ण दिसलं तर पुढचे कित्येक महिने घरचं अन्न जात नाही. त्यापेक्षा दोन ते चार आठवड्यांनी द्यायचं डेपो इंजेक्शन (ज्यातलं औषध शरीरात हळूहळू उतरतं) चालेल का, हे डॉक्टरांना स्वतःहून विचारा. ओपीडीच्या गर्दीत ते सुचवायचं राहून जातं.

निवासी केंद्राचा फायदा उघड आहे: औषध वेळेवर, दिवसाला काही आखणी, आणि घरच्यांना झोप. खर्च दर महिन्याचा, तोही बहुधा खिशातून. केंद्र बघायला जाताना फोन न करता, दुपारी चारच्या सुमारास जा. माणसं काही करताहेत की भिंतीला टेकून बसलीत? अंगावर स्वतःचे कपडे आहेत की गणवेश? डोकी सरसकट भादरलीत का? गणवेशाची आणि केशवपनाची सक्ती कायद्याला मान्य नाही आणि साखळदंडांवर तर थेट बंदी आहे. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी दाखवा म्हणा, मनोविकारतज्ज्ञ कधी येतात ते विचारा. "एकरकमी भरा, आयुष्यभराची जबाबदारी आमची" असं ऐकलंत तर तिथूनच परत फिरा. पहिले काही महिने भेटायला येऊ नका म्हणतात, तिथेही ठेवू नका.

माझं मत सांगतो. घरात काळजी वाटून घेणारी किमान दोन धडधाकट माणसं असतील आणि दवाखाना एका एसटीच्या अंतरावर असेल, तर घर. पण घर म्हणजे सत्तर वर्षांची एकटी आई असेल, तर तिला ममतेच्या नावाखाली चोवीस तासांची नर्स करू नका. केंद्र बघा, आधी तीन महिन्यांच्या बोलीवर. शहरात मधला रस्ताही असतो. पुण्यात 'सा' म्हणजे स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन, ठाण्यात मानसिक आरोग्यासाठी काम करणारी आयपीएच अशा संस्थांमुळे शुभंकरांना, म्हणजे रुग्णाची काळजी घेणाऱ्या घरच्यांना, निदान आपल्यासारखी माणसं भेटतात. गावात हे नाही, तिथे घराचं पारडं जड वाटतं ते बऱ्याचदा दुसरं काही नाही म्हणून.

काहीही निवडलंत तरी दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी लगेच अर्ज करा. 2016 च्या कायद्यात मानसिक आजार धरलेला आहे, आणि 40 टक्के किंवा त्याहून जास्त नोंद झाली की सवलतींचा मार्ग खुलतो. "आमच्यानंतर कोण?" हा प्रश्न भावंडांना आत्ताच बसवून विचारा. राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेमार्फत मिळणारं कायदेशीर पालकत्व स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता यांसाठी आहे, स्किझोफ्रेनियासाठी नाही. तेव्हा पैशांची सोय मृत्युपत्रात किंवा खासगी ट्रस्टमध्ये वकिलाकडून करून घ्यावी लागते. रात्री-अपरात्री काही बिघडलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मराठीतही बोलतो. तो फ्रिजवर चिकटवून ठेवा.