नवीन चेन स्लिप होत होती, फ्रीव्हील बदललं: पावसाळा ते पावसाळा वापरल्यानंतर

ज्यांनी नुकतीच चेन बदललीये आणि जोर दिला की सायकल खटकन स्लिप होतेय त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय, कारण चेन घेताना मी रिव्ह्यू वाचले तेव्हा बऱ्याच जणांनी "डुप्लिकेट माल, स्लिप होते" म्हणून एक स्टार दिलेला होता. तीच चेन माझ्या सायकलला गेल्या पावसाळ्यापासून आहे आणि फ्रीव्हील (मागच्या चाकावरचा दात्यांच्या चकत्यांचा गठ्ठा) बदलल्यापासून एकदाही सटकलेली नाही. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, ७ स्पीडची कुठलीही बरी चेन घ्या, झिजलेल्या फ्रीव्हीलवर टाकलीत तर हेच होणार.

सायकल साधी हायब्रिड, मागे ७ गियर, रोज कोथरूडवरून ऑफिस आणि रविवारी खडकवासला नाहीतर कात्रज. जुनी चेन खूप चालली होती म्हणून दुकानात दिली, त्यांनी नवीन टाकली आणि फ्रीव्हील तेच ठेवलं. निघालो तेव्हा एकदम झकास, आवाज नाही काही नाही. सिग्नल सुटला, दाबून पायडल मारला आणि पाय धाडकन खाली, गुडघा हँडलवर, मागून पीएमपीची बस येत होती. हे अंगावर काढण्यासारखं दुखणं नाहीये, उभं राहून पायडल मारताना चेन सटकली तर माणूस सरळ पुढे पडतो. परत दुकानात गेलो तर गियरचं सेटिंग करून दिलं, केबल ताणून दिली, तरी तेच. मग म्हणाले चालवत राहा, बसेल आपोआप. कधीकधी खरंच कमी होतं, नाही असं नाही, पण ते नवीन चेन जुन्या दात्यांवर झिजून बिघडल्यामुळे, म्हणजे पैसे पाण्यात.

आता नेमकं काय बिघडलंय ते कसं ओळखायचं. पायडल हलक्या पायाने मारतानाही ठराविक अंतराने एक झटका येत असेल तर बहुतेक एखादी कडी घट्ट आहे, जिथे चेन जोडलीये तिथलीच असते. सायकल उभी करून पायडल हाताने सावकाश उलटा फिरवा आणि मागच्या डिरेलरच्या (गियर बदलताना चेन सरकवणारा भाग) छोट्या चाकांकडे बघत राहा, घट्ट कडी तिथून जाताना सरळ होत नाही, टुणकन उडते. दोन्ही अंगठ्यांनी आडवी वाकवली की मोकळी होते, पाच मिनिटांचं काम. चेन दोन गियरच्या मध्ये खडखड करत वरखाली करत असेल तर केबलचं सेटिंग, किंवा सायकल पडून हँगर, म्हणजे डिरेलर ज्यावर बसतो तो तुकडा, वाकलेला. सगळ्याच गियरमध्ये पायडल रिकामा जातो पण चेन दात्यांवरून सरकत नाहीये, तर फ्रीव्हीलच्या आतले खटके गेलेत. आणि फक्त जोर दिल्यावर, तेही ठराविक गियरमध्येच चेन दात्यांवरून उडी मारत असेल तर दाते झिजलेत. माझं हेच होतं, १६ आणि १८ दात्यांच्या चकतीवर स्लिप, २८ वर अजिबात नाही, कारण मोठा गियर मी वापरायचो फक्त घाटात.

कारण समजून घ्या, कामाला येतं. चेनच्या पिनपासून पिनपर्यंत अर्धा इंच, १२.७ मिमी. आत धूळ-चिखल जाऊन पिना झिजतात आणि हे अंतर हळूहळू वाढतं, आपण म्हणतो चेन लांबली, पण लोखंड ताणलं जात नाही, सांधे ढिले होतात. तशा चेनबरोबर चालून चालून दातेही तिच्या मापाने झिजतात. मग नवीन चेन येते, तिचं माप बरोबर १२.७, ते या दात्यांना जुळत नाही, सगळा भार एक-दोन दात्यांवर येतो आणि रोलर दात्याच्या उतारावरून वर चढून निसटतो. पुढच्या मोठ्या चक्राला एकावेळी खूप दाते धरलेले असतात म्हणून ते बराच काळ टिकतं, माझं अजून तेच आहे.

मी शिमॅनोचं टीझेड ५०० घेतलं, ७ स्पीड, १४-२८ (सगळ्यात छोट्या चकतीला १४ दाते, मोठ्या चकतीला २८), मूळचं होतं त्याच मापाचं, हजाराच्या आतबाहेर. खरी कसरत जुनं काढण्यात आहे. प्रत्येक पायडलबरोबर ते आणखी आवळलं जातं, त्यामुळे हातातल्या पान्याला दाद देत नाही. खाचेत बसणारा रिमूव्हर लागतो, तो अ‍ॅक्सलच्या नटाने जागेवर धरायचा, मग रिमूव्हर व्हाइसमध्ये घट्ट पकडून अख्खं चाक स्टिअरिंगसारखं डावीकडे फिरवायचं. कडक् करून सुटलं की थांबा, आधी नट ढिला करा, मग पुढे फिरवा. नवीन बसवताना आट्यांना ग्रीस लावायचं, नाहीतर पुढच्या वेळी परत तीच झटापट.

बदलल्यावर पहिल्याच दिवशी वारज्याच्या चढावर १६ दात्यांवर मुद्दाम दाबून बघितलं, एक आवाज नाही. त्यानंतर हिवाळा, उन्हाळा आणि आता परत पाऊस, तसंच चालू आहे. शिफ्टिंग पहिल्यासारखं, थोडं जाडंभरडं, या किमतीत तेवढंच मिळतं. तक्रार एकच, ओली सायकल पार्किंगमध्ये ठेवली की दुसऱ्या दिवशी चेनच्या बाहेरच्या पट्ट्यांवर तांबूस थर दिसतो, तेल लावून पुसला की जातो. तेल मात्र प्रत्येक रोलरवर एक थेंब आणि वरचं सगळं फडक्याने पुसून टाकायचं, ग्रीस फासलं की रस्त्याची सगळी माती चेनवर.

चेन चेकर, म्हणजे चेनची झीज मोजायचं माप, नसेल तर स्टीलची पट्टी चालते. चेन ताणून पिनच्या मध्यावर शून्य धरा, १२ इंचावर पुन्हा पिनचा मध्य यायला हवा. १/१६ इंच पुढे गेला म्हणजे अर्धा टक्का, आता लक्ष ठेवा. १/८ गेला म्हणजे एक टक्का, तोपर्यंत दातेही गेलेले असतात, चेन आणि फ्रीव्हील दोन्ही एकदमच घ्या. पाऊण टक्क्याच्या आसपास बदलत राहिलात तर एका फ्रीव्हीलवर दोन-तीन चेन आरामात निघतात. माझी परवा मोजली, अजून अर्ध्याच्या आत आहे, दिवाळीनंतर परत मोजणार.