शेकरूच्या घरट्याचे साठ हजार

अभयारण्याला लागून जमीन असेल आणि तिथे घर बांधायचा विचार असेल, तर 'वन्यजीवचा ना हरकत दाखला मी काढून देतो' म्हणणाऱ्याला उंबऱ्याबाहेरूनच वाटेला लावा. माझे १,२२,५०० रुपये गेलेत. गावाचं नाव लिहीत नाही, भाऊबंदांत आधीच पुरेशी शोभा झाली आहे.

माणूस अनोळखी नव्हता. थोरल्या काकांची बिगरशेतीची फाईल त्यानेच फिरवली होती, तहसीलच्या आवारात शिपायापासून सगळे त्याला नावाने हाक मारतात. अशा माणसावर कोण संशय घेईल? शिवाय त्याने दाखवलेली भीती खरी होती. ३ जून २०२२ चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश: अभयारण्याभोवती किमान एक किलोमीटर संवेदनशील क्षेत्र, त्यात कायमस्वरूपी बांधकाम नाही. मोबाइलवर बातमीच काढून दाखवली. २६ एप्रिल २०२३ ला न्यायालयाने तो आदेश शिथिल केला आणि जिथल्या संवेदनशील क्षेत्राची अधिसूचना आधीच निघाली आहे तिथे तो लागू नाही, एवढं मात्र या माणसाने गिळलं. आमच्या अभयारण्याची अधिसूचना केव्हाच निघाली होती. तिच्यात स्थानिकांना स्वतःच्या जमिनीत स्वतः राहण्यासाठी बांधायला अटींसह मुभा आहे. हॉटेल-रिसॉर्टचे नियम वेगळे. अधिसूचनेचं राजपत्र केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या साइटवर फुकट मिळतं, मागे गावांची यादी आणि नकाशा असतो. आधी ते बघा, मग कुणाशीही बोला.

फाईल फी १५,००० रुपये. मग कॅमेरा घेऊन एक पोरगा आला, बांधावरच्या उंबराचे फोटो काढले आणि वर काटक्यांचा गोळा दाखवला. "दादा, शेकरूचं घरटं आहे. झाडापासून शंभर मीटर बांधकाम बंद. पण अहवालात जुनं, सोडलेलं दाखवू." त्याचे ६०,०००. शंभर मीटरचा असा नियम मला अधिसूचनेत कुठेच सापडला नाही. मंजुरीचे ३५,००० आणि दाखल्याचे १२,५००, सगळे त्याच्या बायकोच्या खात्यावर. सरकारी शुल्क 'ग्रास' या राज्य सरकारच्या ऑनलाइन भरणा प्रणालीच्या चलनाने भरतात, चलनावर जीआरएन म्हणजे सरकारी पावती क्रमांक असतो आणि तो ऑनलाइन तपासता येतो. चलन नाही तर पैसे नाहीत.

आता त्या दाखल्याकडे बघितलं की डोकं फिरतं. जावक क्रमांक निळ्या पेनाने, आणि त्यातला सात अगदी त्याने मला दिलेल्या पावतीवरच्या सातासारखा, पोटात आडवी रेघ असलेला. तारीख २६ जानेवारी. प्रजासत्ताक दिनाला झेंडावंदन करून कोणता साहेब दाखल्यांवर सह्या करत बसतो? पण पाया खणायला मजूर उभे होते आणि आई रोज विचारत होती, घर कधी होणार. अशा वेळी कोण तारखा तपासतो?

वनविभागात दाखला दाखवला तर "शिक्का आमचा नाही" एवढंच उत्तर. लेखी द्या म्हटलं, तर "वरून आदेश लागतो." वर गेलो, तर "खालून अहवाल येऊ द्या." तलाठ्याने सर्कलकडे पाठवलं, सर्कलने तहसीलला, तहसीलने पोलिसांत. आणि ठाण्यातले हवालदार म्हणतात, दिवाणी वाद आहे, कोर्टात जा. खोटा सरकारी शिक्का दिवाणी? भारतीय न्याय संहितेत फसवणुकीला कलम ३१८(४) आहे, बनावट दस्ताला ३३६ आहे. दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद नोंदवायलाच हवी, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच सांगून ठेवलंय. मी हे बोललो तर उलट मलाच दम: "खोटा कागद बांधकामाच्या अर्जाला तुम्हीच जोडलात, तुमच्यावरही येईल." म्हणजे लुटला गेलो मी आणि आरोपीही मीच!

म्हणून कुठलाही दाखला अर्जाला जोडण्याआधी ज्या कार्यालयाचा शिक्का आहे तिथे जाऊन जावक नोंदवही दाखवा म्हणा. नाही दाखवली तर माहितीचा अधिकार टाका. पोलीस ऐकत नसतील तर पोलीस अधीक्षकांना लेखी तक्रार रजिस्टर पोस्टाने पाठवा, पोचपावती जपून ठेवा. माझी गेली आहे, उत्तर अजून नाही. तो माणूस मात्र रोज तहसीलच्या आवारात चहा पितोय, आणि आता शेजारच्या गावात घरटी मोजायला लागलाय असं कानावर आलंय.