व्हॅल्युएशनआधी पैसा कुठे घालावा: रंगात की कागदात?

बँकेचा व्हॅल्युअर, म्हणजे घराची किंमत ठरवणारा माणूस, येणार म्हटलं की घरात पहिला विषय निघतो रंगाचा. जुन्या फ्लॅटवर कर्ज काढायचं असो, नाहीतर तो विकताना घेणाऱ्याच्या बँकेकडून माणूस यायचा असो, हाताशी पैसे आणि दिवस दोन्ही मोजके असतात. ते भिंतींवर घालावेत की फाइलवर? मी फाइलच्या बाजूची आहे. मात्र एका बाबतीत भिंतही फाइलइतकीच महत्त्वाची ठरते, ते पुढे सांगते.

व्हॅल्युअर काय करतो ते बघा. खोल्या मोजतो, फोटो काढतो, चतुःसीमा टिपतो, इमारतीचं वय, मजला, लिफ्ट, पार्किंग विचारतो. मग आसपासचे अलीकडचे व्यवहार आणि रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारने त्या भागासाठी ठरवलेला, दर समोर ठेवून चौरस फुटाचा भाव लावतो. ताजा रंग या हिशेबात जवळजवळ कुठेच येत नाही. हौसेने केलेल्या मॉड्युलर किचनचे किंवा फॉल्स सीलिंगचेही घातलेले पैसे अहवालात पुरते उतरत नाहीत.

कागदाचं तसं नाही. समजा, करारात कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, 540 चौरस फूट आहे आणि बाल्कनी आत घेऊन हॉल मोठा केल्यामुळे मोजणीत 580 भरतात. मालक मनात 580चा भाव धरून बसलेला असतो. पण मंजूर नकाशात ती बाल्कनीच आहे, त्यामुळे वाढीव जागा हॉलच्या भावाने धरली जाण्याची आशा ठेवू नये. उलट ‘बांधकाम नकाशाप्रमाणे नाही’ असा शेरा पडू शकतो आणि मग बँक प्रश्न विचारत बसते. दोन फ्लॅट मधली भिंत पाडून जोडले असतील तर महापालिकेची परवानगी आधीच काढून ठेवा.

भाव थोडा कमी लागला तर काय बिघडतं, असं वाटेल. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 30 ते 75 लाखांचं गृहकर्ज घराच्या किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंतच देता येतं. ठरलेल्या किमतीपेक्षा मूल्यांकन पाच लाखांनी खाली आलं आणि बँकेने तेच धरलं, तर घेणाऱ्याला चार लाख जास्तीचे स्वतःच्या खिशातून उभे करावे लागतात. ठरलेला सौदा इथे लटकतो.

फाइलमध्ये नोंदणीकृत करारांची पूर्ण साखळी, इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या व्यवहाराचा सरकारी सारांश), मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायला महापालिकेने दिलेला दाखला), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, मालमत्ता कराची पावती आणि सोसायटीची एनओसी एवढं हवंच. हे काम स्वस्त आहे, पण वेळखाऊ. इंडेक्स टू नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर शोधता येतो. जुन्या इमारतीचा नकाशा मात्र बिल्डरकडे आणि सोसायटीकडे नसेल तर महापालिकेतून माहिती अधिकारात काढावा लागतो. म्हणून फाइल आधी सुरू करा, रंगारी मागाहून बोलवा. कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर होणं, झालं नसेल तर ते एकट्याच्या हातातलं काम नाही. बिल्डर ते करून देत नसेल तर मानीव अभिहस्तांतरणाचा (डीम्ड कन्व्हेयन्सचा) अर्ज सोसायटीने जिल्हा उपनिबंधकांकडे करायचा असतो.

आता ती भिंत. ओल आणि गळती कागदाइतकीच महत्त्वाची. बाथरूममागच्या भिंतीचे सुटलेले पोपडे, छतातून डोकावणारी गंजकी सळई हे सगळं फोटोत जातं आणि त्यावरून इमारतीचं उरलेलं आयुष्य जोखलं जातं. त्यावर नुसता रंग फासू नका; प्लंबर बोलवा, गळती मुळातून थांबवा, प्लास्टर करा, ते नीट सुकू द्या, मग रंग. इमारत 15 वर्षांहून जुनी असेल तर स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल सोसायटीकडून मागून घ्या. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार (नमुना नियमावलीनुसार) 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं ऑडिट दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर तीन वर्षांनी व्हायला हवं.

रंगाला पहिला मान कधी द्यावा? घेणारा कर्ज न काढता स्वतःच्या पैशांनी घेणार असेल, किंवा घर भाड्याने द्यायचं असेल तेव्हा. तिथे माणूस डोळ्यांनी ठरवतो आणि उजळ हॉलचे पैसे वसूल होतात. तरीही पुढेमागे तोच फ्लॅट बँकेकडे जाणार असेल, तर नकाशाची प्रत आत्ताच काढून ठेवा.

व्हॅल्युअर यायच्या दिवशी आवराआवर एवढीच पुरे: प्रत्येक भिंतीपर्यंत मोजमाप पोचेल अशी जागा मोकळी करा, बंद खोलीची किल्ली हाताशी असू द्या, आणि घरात करार वाचलेलं कुणीतरी थांबा.